एक्केचाळीसाव्या पानावरचा बूट

बारके, तू ते निळं जाडं पुस्तक खाली काढलंस आणि मी तुम्हाला सोडून दुकानाबाहेर आले ना, त्यात तुझी काही चूक नाही. बसा इथे पायरीवर, सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. फक्त मधे मधे बोलू नका, माझी गाडी रुळावरून घसरली की परत येत नाही.

तर माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आमच्याकडेच असते, आणि बाबा एवढे पन्नाशीचे झाले तरी ती नुसती खाकरली की पेपर खाली ठेवतात. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एकतीस वर्षं. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, आणि गिऱ्हाइकाने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला की त्याच्या हातात वाचायचं कार्ड द्यायची. तुम्ही पाहिलं असेल, वर मोठ्या अक्षरात चार ओळी, खाली बारीक, त्याखाली आणखी बारीक, आणि तळाला मुंग्यांची रांग. इंग्रजीत होतं ते. एका माळ्याची गोष्ट होती त्यात, म्हणजे गोष्ट कसली, माळी सकाळी येतो, झाडांना पाणी घालतो, आणि शेवटच्या मुंग्यांच्या ओळीत फाटक लावून घरी जातो. संपलं.

आता गंमत ऐका. आत्याची शाळा दहावीत सुटली, आणि इंग्रजीचा नि तिचा छत्तीसचा आकडा. पण समोरचा माणूस ते कार्ड बरोबर वाचतोय की दडपून देतोय हे कळायला हवं ना, म्हणून तिने डिक्शनरी घेऊन आधी तो माळी शिकून घेतला. एकेक शब्द. मग माळी पाठ झाल्यावर म्हणाली, आता पुढे काय, आणि या दुकानात आली. हे आपण आत्ता ज्याच्या पायरीवर बसलोय ते. इंग्रजी गोष्टींच्या कपाटासमोर उभी राहिली आणि त्या शिडीवाल्या काकांना म्हणाली, मला माळ्याच्या पुढचं द्या. काकांना वाटलं बाई बागकामाचं पुस्तक मागतेय.

ती नेहमी म्हणायची, मराठी मला आईने दिली, शाळेने दिली, इंग्रजी मात्र माझ्या कमाईची आहे. आणि खरंच, बाकी कशाचा गर्व नव्हता तिला, पण कादंबरी वाचत बसली की मान अशी ताठ, जणू सिंहासनावर बसलीय.

मी बारा वर्षांची झाले तेव्हापासून मला घेऊन यायला लागली. शनिवारी चारला तिचं दुकान सुटायचं, मी तिथे जायचं, तिथून आम्ही दोघी इथे. आणि तिची पुस्तक निवडायची पद्धत म्हणजे, काय सांगू. मागचा मजकूर वाचायचा नाही. मी वाचायला गेले की हातातून काढून घ्यायची. "मागे सगळं चांगलंच लिहिलेलं असतं गं. मुलाच्या आईला विचारून कुणी स्थळ पसंत करतं का?" पुस्तक मधेच उघडायचं, हात लांब करून धरायचं, आणि अक्षर बघायचं. मजकूर नाही, अक्षर. शाई कशी बसलीय, ओळीत जागा किती सोडलीय. मग म्हणायची, "हे घाईत छापलंय, ज्याने छापलं त्यालाच आवडलेलं नाही." परत ठेव. "हे बघ, हे कसं शांत बसलंय पानावर." घे. आणि मेलं काय व्हायचं माहीत नाही, दहातली आठ पुस्तकं चांगली निघायची.

आणि सगळ्यात वरच्या फळीवर हे निळं. सहाशे पानांचं. दर शनिवारी ती काकांना शिडीवर चढवायची, ते खाली काढायला लावायची, उघडायची, हात फिरवायची, आणि परत वर. "हे निवृत्तीनंतर. हे घाईत वाचायचं नाही." अकरा वर्षं हे चाललं होतं. काका म्हणायचे, बाई, माझे गुडघे तुमच्या निवृत्तीआधी निवृत्त होणार.

तर गेल्या दोन वर्षांत काय झालं, आत्या भलतीच पुस्तकं घ्यायला लागली. पातळ. मोठ्ठी अक्षरं. लहान मुलांच्या साहसकथा, एक तर ससा हरवलाय आणि सगळं जंगल शोधतंय असलं. मी तेव्हा कॉलेजात, मला वाटायचं मला फार कळतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्या, तुझी आवड पार लयाला गेली गं. पुढच्या शनिवारी रंगवायचं पुस्तक घे, खडू मी देते." ती हसली. म्हणाली, "दे हो, पण चांगले दे, मोडके नकोत." काका नाही हसले. शिडीवरून त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी मूर्ख, मला वाटलं त्यांना विनोद कळला नाही.

हे मला अजून खुपतं. मधे बोलू नका म्हटलं ना. सांगू द्या.

मग तो शनिवार. मी तिच्या दुकानात गेले, तर मालकांनी नवं कार्ड आणलं होतं. जुनं पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या. नवं पांढरंशुभ्र, चकचकीत. मालक म्हणाले, "बाई, बघा बरं छपाई नीट आहे का." आणि आत्याने ते हातात घेतलं, बरोबर तेवढ्या अंतरावर धरलं, आणि खडाखडा वाचायला लागली. माळी सकाळी आला. झाडांना पाणी घातलं. शेवटच्या ओळीपर्यंत, एकदाही न अडखळता, फाटक लावून माळ्याला घरी पाठवूनच थांबली, आणि म्हणाली, "छान आहे, ठसठशीत."

मी तिच्या खांद्यामागे उभी होते. त्या कार्डावर माळी नव्हताच. मधमाश्यांचं काहीतरी होतं. पोळं, राणीमाशी, असलं.

आणि मी हसले. मला वाटलं मस्करी करतेय. मी मोठ्याने हसले आणि म्हटलं, "आत्या, फेकतेस काय, हे मधमाश्यांचं आहे." आणि मग मालकांचं तोंड दिसलं मला. त्यांनी तिच्या हातातून कार्ड हळूच काढून घेतलं, आणि तिने ते सोडलं, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. तेवढ्याच अंतरावर.

म्हणजे बघा ना, दर सहा महिन्यांनी दुकानातल्या सगळ्यांचे डोळे तपासायचे, मालकांचा नियमच होता, आणि दर वेळी आत्या जवळचं कार्ड घडाघडा वाचायची. कोण संशय घेणार. आणि ती काही लबाडी करत नव्हती हो. नंतर मला म्हणाली, "मला खरंच वाटायचं दिसतंय. डोळा अडखळायचा आणि तोंड पुढे निघून जायचं." पुस्तकात अडखळायची तेव्हा वाटायचं छपाई वाईट आहे. म्हणून मोठ्या अक्षरांची घ्यायची. लोकांचे डोळे तपासण्यात तिचा जन्म गेला आणि घरात, दुकानात, कुणालाही पत्ता नाही. तिलाही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, चालता येईल, चहा करता येईल, पण जिकडे बघायला जाल तिथेच डाग. थोडं आधी आला असतात तर, म्हणाले. बाबांनी विचारलं, वाचायचं काय. डॉक्टर म्हणाले, "चारपाच महिने भिंग घेऊन जमेल. जे वाचायचं असेल ते आता वाचून घ्या."

 घरी येताना रिक्षात आत्या म्हणाली, "म्हणजे एक. फार तर एक होईल."

म्हणजे एक पुस्तक. शेवटचं. कुठलं, एवढाच प्रश्न.

मी किती तयारी केली होती माहितीये? मी शुक्रवारीच येऊन कपाट पालथं घातलं, तीन पुस्तकं काढून ठेवली. तिन्ही पातळ, तिन्ही मोठ्या टायपात, तिन्हींचा शेवट गोड, मी शेवटची पानं वाचून खात्री केलेली. शनिवारी आत्याला आणलं, तिच्या हातात दिली. तिने एकेक उघडलं, हात लांब केला, आणि मग आठवलं असावं, हात खाली घेतला. बोटानेच चाचपलं. म्हणाली, "बरी आहेत. काका, ते निळं काढा."

मी म्हटलं, "आत्या, सहाशे पानं आहेत."

"माहितीये मला. अकरा वर्षं मोजतेय."

"पुरं नाही होणार गं. अर्धवट राहील. त्यापेक्षा हे छोटं, पूर्ण तरी होईल."

"पूर्ण करून काय करू? संपलं की संपलं. अर्धवट राहिलं तर निदान आपण वाचतोय असं म्हणता येतं."

"मी वाचून दाखवीन. ऐकायची पुस्तकं मिळतात आता, मोबाइलवर."

"ती ऐकायची," ती म्हणाली. "मी वाचायचं म्हणतेय."

काका शिडीवर चढले तर निळं त्याच्या जागेवर नव्हतं.  आत्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता, असा पांढरा फटक. मग काकांनी पुढची रांग बाजूला केली आणि मागून ते काढलं. म्हणाले, "हल्ली मागे ढकलून ठेवतो मी. उगाच दुसऱ्या कुणाच्या नजरेत भरायला नको." आणि खाली येऊन ते पुसायला लागले, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसत होते.

मग आमच्याकडे रोज सकाळी खिडकीपाशी ती आणि ते पुस्तक. दुकानातलं मोठं भिंग मालकांनी दिलं होतं, आणि खूण म्हणून चष्मा पुसायचा पिवळा फडका. मान वाकडी करून बघायची, कोंबडी दाण्याकडे बघते ना तशी, कारण समोर डाग. एका ओळीला किती वेळ लागायचा. पण रोज संध्याकाळी चहाला आम्हाला पुढची गोष्ट सांगायची. एक म्हातारा घड्याळजी असतो, एकटा, त्याला त्याच्या दूर गेलेल्या मुलीचं पत्र येतं, की बाबा, मी बंदरावर उतरतेय, न्यायला या. वीस वर्षांनी. आणि हा निघायची तयारी करतो तर त्याला एक बूट सापडत नाही, शोध शोध शोधतो, आणि बघतो तर बुटात मांजर झोपलेलं. बाबा एवढे हसले, चहा सांडला. मग म्हातारा निघाला. वाटेत पैसे संपले तर गावागावांतली घड्याळं दुरुस्त करत चालला. एका गावात चर्चचं घड्याळ, एका ठिकाणी एक बाई नवरा गेला त्या वेळेला घड्याळ थांबवून बसलेली, ती म्हणते दुरुस्त करू नका, नुसतं पुसा. काय सांगायची हो. बाबा ऑफिसातून धावत घरी यायचे. मी क्लास बुडवायचे. दोन महिने. आणि पिवळा फडका पुढे पुढे सरकत चाललेला. म्हातारा बंदरावर पोचला एकदाचा. बाकावर बसलाय, हत्यारांची पिशवी मांडीवर, आणि लांबून जहाज दिसतंय. तिथे आत्या थांबली आणि म्हणाली, "आता उद्या."

आणि दुसऱ्या दिवशी बाबा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी घरी एकटी. आणि पुस्तक खिडकीत.

मी काय करू, मला धीर नाही, तुम्हाला माहितीये मी सिनेमा बघतानाही आधी शेवट विचारते. मी म्हटलं नुसतं बघू, मुलगी उतरली का. फडका दोनशे तीन पानावर होता. उघडलं. तर बंदर नाही. जहाज नाही. कुठल्यातरी शेतावरची भांडणं चाललेली. मला वाटलं फडका सरकला. दहा पानं मागे गेले. नाही. आणखी मागे. चर्च नाही, ती बाई नाही. मागे, अजून मागे, शंभर, ऐंशी, साठ, मी पानं उलटत होते. एक्केचाळीसाव्या पानावर तो म्हातारा सापडला. त्याच्या खोलीत. बूट शोधत होता. आणि मग तो पलंगावर बसतो, पत्र परत खणात ठेवतो, आणि जातच नाही. दुसऱ्या प्रकरणात एकदम चाळीस वर्षं मागची गोष्ट सुरू होते. मांजर तर त्या सगळ्या पानांत मला कुठे दिसलं नाही.

आता इथे मी गप्प बसायचं होतं. हेच सांगायचंय मला तुम्हाला. फडका दोनशे तीनवर ठेवायचा, पुस्तक खिडकीत ठेवायचं, आणि संध्याकाळी चहा करायचा. एवढंच करायचं होतं.

पण माझं तोंड. ती दारात चपला काढत होती, बाबा मागे फाइल घेऊन उभे, आणि मी तिथूनच म्हणाले, "आत्या, हा म्हातारा तर घरातून निघालाच नाही."

बाबांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

आत्या आली, माझ्याजवळ बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नाही गेला?"

"नाही."

"अरेरे," ती म्हणाली. "मी तर त्याला बंदरावर नेऊन बसवलंय."

मग म्हणाली, "कुठपर्यंत जुळतंय?"

"एक्केचाळीस."

मग मीच विचारलं, "तुला कळत होतं का गं, की तू मनानेच रचतेयस?"

"पहिले दोन दिवस कळत होतं. मग मलाच पुढे काय होतंय याची ओढ लागली." आणि म्हणाली, "ती ओळ वाच. जिथपर्यंत जुळतं ती."

मी वाचली. इंग्रजीत, तिला हवी होती तशीच. त्याने किटली बाजूला ठेवली आणि तो दुसरा बूट शोधू लागला, अशी होती. एवढीच. दोनदा वाचायला लावली.

"बूट," ती म्हणाली. "एवढी वर्षं वाचलं, एवढी पुस्तकं, राजवाडे, लढाया, प्रेमं, आणि शेवटचं काय वाचलं तर बूट." आणि हसायला लागली, आणि ते हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं मला कळलं नाही, मी नुसता तिचा हात धरून बसले, आणि नळ चालूच होता आत.

मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "सापडतो का पुढे? बूट?"

मी बघितलं. पुढे बुटाचा उल्लेखही नव्हता. मी म्हटलं, "हो ना, सापडतो. मांजर झोपलेलं असतं त्यात."

तिने मान वाकडी केली, कडेच्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "ते मांजर माझं होतं बाळ."

त्या दिवसापासून तिने गोष्ट सांगणं बंद केलं. बाबांनी एकदा धीर करून विचारलं, "ताई, पण जहाज लागलं का गं बंदराला?" तर म्हणाली, "ते पुस्तकात नाहीये रे." संपलं. मी म्हटलं मी वाचून दाखवते, नको म्हणाली. मग मीच रचून सांगायला लागले, म्हातारा बाकावरून उठतो वगैरे, तर तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला घड्याळातलं काही कळत नाही." आता खिडकीतच बसते सकाळी. हात मांडीवर. आणि तो म्हातारा अजून त्या बाकावर बसलाय हत्यारं घेऊन, जहाज लांब दिसतंय, आणि तिथे त्याला मी बसवून ठेवलंय. मी एक दिवस गप्प राहिले असते तर तो मुलीला भेटला असता. दोन दिवस गप्प राहिले असते तर तिला घेऊन घरीही आला असता.

मग एका शनिवारी तिनेच पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाली, काकांना सांग, ठेवा परत वर, माझी निवृत्ती झाली. काकांनी पुस्तक घेतलं. शिडीवर चढले. मला वाटलं मागच्या रांगेत ढकलतील, पण पुढेच ठेवलं, आणि आज तू ते काढलंस, बारके, आणि त्यातून तो पिवळा फडका लोंबत होता.

नाही, मी पुढचं नाही वाचलेलं. मी दोनशे तीनपासून मागे गेले, पुढे गेलेच नाही. अजून चारशे पानं आहेत. माझी हिंमत होत नाही.

तुला घ्यायचंय ना? मग घे. खरंच घे, मला काही वाटणार नाही. अक्षर चांगलं आहे, शांत बसलंय पानावर. फक्त तो फडका काढू नकोस तिथून. आणि वाचता वाचता, कुठल्याही पानावर, अगदी पाचशे नव्वदावर का असेना, तो म्हातारा जर उठून बंदरावर गेला, तर मला लगेच फोन कर. मी कामात असले तरी कर. मी तशीच घरी जाईन.

आणि नाहीच गेला तर आत्याला काय सांगायचं ते तू मला सांगू नकोस.